उभं माप

"पण बुवा, बसमध्ये रोज पाच तास बसून माणसानं करायचं तरी काय?"

प्रमोद बोरावके विचारत होता. त्याला उत्तर नको होतं, शाबासकी हवी होती.

दोरेबुवांनी शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं.

"तूच सांग की."

"जाताना अडीच तास, येताना अडीच. एक मिनिट वाया घालवत नाही मी. सहा वर्षांत बसमध्ये दोन परीक्षा पास झालो. जर्मन शिकलो. आता अध्यात्म तेवढं राहिलंय."

बुवा ऐकत होते.

"मंत्र द्या बुवा. जरा मोठासा. अडीच तास पुरेल असा."

मी बाजूला काजं करत बसलो होतो. बुवांच्या मठात माझं काम तेच. मला हसू आलं, ते मी सुईत दोरा ओवण्यात लपवलं.

बुवा धंद्याने शिंपी. फाट्यावरच्या मठात चाळीस वर्षं शिवत होते आणि मागेल त्याला मंत्र देत होते. त्यांची एक रीत होती. ज्याला मंत्र द्यायचा, त्याच्या घरातल्या सगळ्यात धाकट्या पोरासाठी ते आपल्या हाताने अंगडं शिवत. आधी अंगडं, मग मंत्र.

"घरी धाकटं कोण?" बुवांनी विचारलं.

"मुलगी. रेणू. चार वर्षांची." मग त्याचा आवाज उतरला. "तिच्याबद्दलही विचारायचं होतं..."

"इचार."

"आजच्यासारखा रविवार असला की मी दिवसभर घरी असतो. पण ती जवळ येत नाही. दाराआडून बघते. मागच्या रविवारी तिनं पाण्याचा तांब्या आणला, गुळाचा खडा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि पळाली. पाहुण्यापुढे ठेवतात तसा."

त्याने हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. एवढा वेळ मला त्याचा राग येत होता, तो गेला.

बुवांनी तांबड्या छिटाचं कापड मांडीवर घेतलं.

"अंगडं करू तिला. केवढी हाय पोरगी?"

प्रमोदने लगेच दोन्ही हात पसरले. आडवे. या तळव्यापासून त्या तळव्यापर्यंत.

"एवढी."

बुवांची कात्री थांबली.

"लोकं पोराची उंची अशी दावत्यात," म्हणत त्यांनी आपला हात जमिनीपासून वर धरला. "तू मासा दावल्यागत दावतोयस."

प्रमोद स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला.

"पहाटे निघतो, तेव्हा ती झोपलेली असते," तो हळू म्हणाला. "परत येतो, तेव्हाही... पांघरूण नीट करतो, तेवढंच."

"बरं. उभी केवढी?"

त्याने उजवा हात उचलला. कमरेशी नेला. मग जरा खाली आणला. परत वर नेला.

हात हवेतच राहिला...

मी सुई खाली ठेवली.

बुवांनी रिळावरून हातभर लांब दोरा ओढला. थांबले. आणखी ओढला, आणि तोडून त्याच्यापुढे धरला.

"टाचंपासनं टाळूपातूर धर. टाळूशी गाठ मार. घिऊन ये."

"आज रात्री झोपली की मोजतो," प्रमोद म्हणाला. "जागेपणी ती जवळ येऊ द्यायची नाही. आणि झोपेत हलत नाही, माप बिनचूक येईल."

"पोरं झोपंतच वाढत्यात, खरं हाय," बुवा म्हणाले. "पर अंगडं जागेपणी घालत्यात."

आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

पुढचे तीन रविवार प्रमोद आला नाही. मला वाटलं, सुटला बिचारा. दुसरा कुणी बुवा गाठला असेल, लांब मंत्राचा.

मग एका बुधवारी सकाळी नऊ वाजता तो पायरीवर उभा. या वेळेला तो कधीच कंपनीत पोचलेला असायचा.

"गाडी?" बुवांनी विचारलं.

"गेली. जाऊ दिली." तो येऊन बसला. "तिन्ही रविवार दाराआडूनच बघत होती. आज म्हटलं, ती उठेपर्यंत थांबू."

"मग?"

"उठली. मला बघून डोळे चोळले. विचारते, आज रविवार आहे?"

बुवांनी हातातलं कापड खाली ठेवलं.

"नाही म्हटलं. बुधवार आहे. तर... जवळ आली."

त्याने खिशातून दोरा काढला. त्याला एक सोडून नऊ गाठी होत्या.

"माप नीट आलं नाही, बुवा. धड उभीच राहीना. एकदा टाचा उचलल्या. एकदा पाटावर चढली. दोनदा तर दोरा घेऊनच पळाली. गाठ मारावी, तर पुढच्या वेळी निराळंच."

"यातली कुठली धरू?"

"सगळ्यात वरची धरा. ती म्हणाली, मी एवढी आहे."

बुवांनी दोरा कापडावर ताणला आणि वरच्या गाठीच्या हिशोबाने खडूची रेघ मारली. अंगडं ढगळ होणार, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

प्रमोद उठला. "येतो बुवा. बालवाडीत आज मी सोडणार म्हणून कबूल केलंय. दाराशी चपला घालून बसली असेल."

तो लगबगीने पायऱ्या उतरलाही.

"आरं, थांब. मंत्र ऱ्हायला."

प्रमोदने कपाळाला हात लावला आणि परत फिरला. खरंच विसरला होता.

बुवांनी कापडावरचा दोरा उचलला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

"ही माळ. उद्या गाडीत बसलास की ओढ."

प्रमोदने मूठ उघडून पाहिली.

"बुवा, नऊच तर गाठी आहेत. ही इथं या फाट्यावरच संपेल."

बुवांनी कात्री उचलली.

"सरली, की उतर."