जयवंतरावांचा पहिला नंबर

जयवंतरावांच्या गाडीनं दादाला नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सला वाट का दिली नाही? दगडू गावभर हेच विचारत फिरला. घरात पाय ठरेना, म्हणून दादाच्या दहाव्यानंतर तो तीच ॲम्ब्युलन्स घेऊन थेट माळावर गेला. तिथं सायलेन्सर बदललेल्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठ्या आवाजाची पैज लागली होती; जिंकणाऱ्याला मानाचा फेटा.

"आमच्यापेक्षा मोठा आवाज कुणाचा?" जयवंतराव गुरगुरले.

दगडू म्हणाला, "मालक, ज्यात मागचा भोंगासुद्धा ऐकू येत नाही, तोच खरा आवाज. बघायचं?"

त्यानं मालकांच्या गाडीमागं ॲम्ब्युलन्स लावून भोंगा वाजवला. जयवंतरावांनी गाडी गरजवली, मग छाती फुगवून उतरले. "काही ऐकू आलं नाही! कधीच येत नाही!"

"जिंकलात, मालक. त्या दिवशी मागं हाच भोंगा होता, आत माझा दादा."

दगडूनं मानाचा फेटा उचलला आणि जयवंतरावांना कानांवरून घट्ट बांधला.