मुठीतल्या अक्षता

गावच्या देशमुखांना अर्धं ऐकूनच सगळं कळायचं, बायांनो! विधवा गोदूबाई तीनदा त्यांच्याकडे रडत गेली. "दादासाहेब, माझ्या मंजुळेला सासरी..."

"समजलं! भांड्याला भांडं लागतंच. पाठव नांदायला!"

मंगळवारी लेकीला न्यायला सासरची गाडी येणार होती. 

आदल्या दिवशी, सोमवारी, देशमुखांच्या घरी व्रताची कहाणी सांगायला तिलाच बोलावलं होतं. अक्षता मुठीत धरून सारे बसले, मंजुळा दाराआड उभी राहिली. कहाणी संपेपर्यंत ऐकणारा बोलला तर व्रत मोडतं, हे देशमुखांनाही ठाऊक होतं.

"आटपाट नगर होतं. तिथं एका विधवेची लेक होती. सासरी तिला उपाशी ठेवीत, तापल्या उलथन्यानं डाग देत. ती माहेरी पळून आली, तर गावच्या धन्यानं पुरतं न ऐकताच तिला परत धाडायचं ठरवलं. उद्या गाडी येणार आहे."

देशमुखांचे ओठ दोनदा हलले. मूठ मात्र मिटलेलीच राहिली.

"एवढीच कहाणी," गोदूबाई म्हणाली.

"एवढीच? अगं, शेवट?"

"तो मला कुठला ठाऊक, दादासाहेब? तो तुमच्या तोंडी आहे."

 देशमुख उठले आणि मुठीतल्या अक्षता त्यांनी दाराआड उभ्या मंजुळेच्या डोक्यावर टाकल्या. दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी परतली.