तोंड कोणाचं?

वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये दोन वर्षांत तीन कामगार तोंडाच्या कॅन्सरनं गेले. तिसरा पुंडलिक. त्याची तेरवी आटोपली आणि त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडणारी त्याची बायको अनसूया मालक शेटजींपुढं उभी राहिली.

"शेटजी, आवारातला तंबाखू-खर्र्याचा ठेला बंद करा. कामावर कोनी खर्रा खाऊ नये, असा नियम लावा."

शेटजी सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, ज्याचं तोंड त्याचं. मालकानं त्यात कशाला पडावं?"

"मंग दिवाळीच्या आंधी आमच्या घरच्याले आठ दिवस कामावरून काऊन काढलं होतं?"

"तो खर्रा खाऊन रुईच्या गठाणीवर थुंकला होता. पांढरीशुभ्र रुई डागाळली माझी!"

अनसूयाचा आवाज चढला नाही. "म्हणजे रुई डागाळली तवा तोंड तुमचं होतं. ते सडलं तवा आमचं झालं काय?"

मजूर माना खाली घालून उभे होते.

त्याच दुपारी शेटजींनी ठेला हलवला आणि फाटकावर तंबाखूबंदीची पाटी लागली. पुढच्या आठवड्यात शेटजींनी तपासणीला डॉक्टर आणला. खर्र्यानं तोंड आखडत जाणं ही कॅन्सरच्या आधीची खूण, असं त्यानं सांगितलं. रांगेतल्या पहिल्या सहा जणांपैकी चौघांची तोंडं दोन बोटांपलीकडे उघडलीच नाहीत.