दुसरा कप

उपयोजित मानसशास्त्राच्या एम.ए.चा फॉर्म मी सासऱ्यांपुढे ठेवला. निवृत्त तहसीलदार ते, चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे शिकून करणार काय?"

"शाळेत, इस्पितळात समुपदेशक होता येतं, बाबा."

"असं? मग माझ्या मनातलं ओळख. चुकलीस तर फॉर्म विसरायचा."

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, तरी बाबा चहाला दोन कप काढत. मी विचारलं, "आई चहा कसा घ्यायच्या?"

ते बोलू लागले. सासूबाईंचं जास्तीचं आलं, त्यांचे रुसवे, शेवटचं आजारपण. चहा गार झाला. मग एकदम सावरून म्हणाले, "पण तू ओळखलंस कुठे?"

"नाहीच ओळखलं. तुम्हीच सांगितलंत. तिथे एवढंच शिकवतात."

चहा पुन्हा गरम करून त्यांनी दुसरा कप भरला, माझ्यापुढे सरकवला. "शेवटची तारीख कधी आहे गं?"