शिंपीण, गाढव आणि घासणारं चाक

लय लय जुन्या काळची गोष्ट. तेव्हा गादीवर राजे होते, गाढवं बोलायची आणि रस्त्यावर सायकली होत्या. कशा काय, ते विचारू नका. होत्या.

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात एक शिंपीण होती. दिवसभर शिलाई मशीनवर पाय मारायची. संध्याकाळी शिवलेले कपडे सायकलला बांधून आसपासच्या वाड्यांवर पोचवायची. सायकल होती म्हणून वाड्यांची कामं मिळायची, आणि कामं मिळायची म्हणून चूल पेटायची.

त्याच गावात एक उस्ताद होता. पाय न टेकता सायकलवर घाट चढणारा तो एकटाच. माथ्यावर एक मोठी घंटा टांगलेली होती. दर जत्रेला तो वर जाऊन ती वाजवायचा आणि खाली येऊन वर्षभर त्याच्याच गप्पा मारायचा.

एकदा लिंबाखाली माणसं बसलेली असताना उस्ताद म्हणाला, "अक्का, दिवसभर पाय मारतेस, पण पोचतेस कुठं?"

सगळे फिदीफिदी हसले. शिंपिणीचं टाळकं सरकलं. "कुठं पोचायचंय, बोला."

"घंटेपर्यंत. येत्या जत्रेला, पाय न टेकता. नाही जमलं तर तुझी सायकल माझी."

"लागली पैज," शिंपीण म्हणाली.

कशाला म्हणाली? ज्या सायकलवर घर चालतं ती कुणी पैजेला लावतं का? पण चार माणसं हसली की डोकं कुठं जागेवर राहतं. बोलून बसली बिचारी.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू. पहिल्याच चढाला तिचा श्वास फुलला, गुडघे बोंबलायला लागले, आणि बसायच्या जागेचं तर काही विचारूच नका. तिनं सीटवर उशी बांधली. मग उशीवर उशी. शेवटी सायकलवर बसली की उंटावर बसल्यासारखी डुलायची.

परटाचं गाढव रोज धुण्याची गाठोडी घेऊन घाट चढायचं. ते थांबलं आणि बघत राहिलं.

"बाई, सीट वर घे," ते म्हणालं. "गुडघे पार छातीला लागतायत. आणि त्या उश्या काढ. कापूस सीटला नको, कपड्याला लाव. शिंपीण आहेस ना?"

शिंपिणीला पटलं. तिनं आपल्या चड्डीला आतून गोधडीसारखं जाड अस्तर शिवलं. सीट वर घेतली.

"हँडल कोंबडीची मान पिरगाळल्यासारखं धरू नको," गाढव म्हणालं. "तहान लागायच्या आधी पाणी पी. दमलीस की एक दिवस झोप काढ. मला कुणी काढू देत नाही, म्हणून सांगतो."

हळूहळू फरक पडला. आधी ओढ्यापर्यंत जायची, मग पहिल्या वळणापर्यंत, मग दुसऱ्या. बूड दुखायचं थांबलं.

हे उस्तादानं बघितलं, आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

तो गोड आवाजात म्हणाला, "अक्का, आण ती सायकल, जरा बघून देतो. पैज पैजेच्या जागी." शिंपिणीनं विश्वासानं सायकल दिली. तिच्या सायकलला ब्रेक एकच, मागचा. उस्तादानं पाना काढला आणि त्याचा नट असा आवळला, की रबर कायम चाकाला घासत राहील. बाहेरून काही दिसेना. वर हवाही भरून दिली. हलकटपणा करायचा आणि आभारही घ्यायचे.

आता सायकल पुढं सरकेना. मागून नुसतं खस खस खस. ओढ्यापर्यंत जायचं तरी घामाच्या धारा.

"उस्ताद, सायकल जड लागतेय," ती म्हणाली.

"सायकल नाही गं, मांड्या. तुझ्या मांड्यांत दम नाही."

मग अख्खं गाव उस्ताद झालं. एक म्हणे तूप खा, दुसरा म्हणे तूप सोड. तिसरा म्हणे बायकांच्या हाडातच ते नसतं. सगळ्यांनी तिचे पाय बघितले. चाक एकानंही बघितलं नाही. मला विचाराल तर या सगळ्यांना एकेकदा ती सायकल चालवायला लावली पाहिजे होती.

गाढव मात्र म्हणालं, "बाई, तुझं चाक घासतंय."

"उस्ताद म्हणतात, मांड्या," ती म्हणाली.

म्हणजे बघा. मशीननं जरा वेगळा आवाज काढला की ही बाई लगेच हात थांबवायची, तेल घालायची. आणि सायकल रोज बोंबलत होती, तर हिला वाटलं आपणच कमी पडतोय. इतकं तिला सगळ्यांनी मिळून पटवलं होतं.

तरी तिनं सोडलं नाही. उस्ताद अधूनमधून यायचा, हवा बघायचा, नट अजून आवळायचा. ती अजून जोर लावायची.

जत्रा आली. सगळं गाव घाटाच्या कडेला उभं. शिंपीण निघाली. खस खस खस. पहिलं वळण, दुसरं वळण. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण पाय टेकला नाही. शेवटच्या वळणावर सायकल जवळजवळ थांबलीच होती. आणि एकदम आवाज बंद झाला. घासून घासून ब्रेकचं रबरच संपलं होतं. चाक मोकळं सुटलं, शिंपीण वाऱ्यासारखी वर गेली आणि घंटा घणघणली.

गाव नाचायला लागलं. शिंपीण वळली, हसत हसत उतारावर आली आणि ब्रेक दाबला.

ब्रेक होता कुठं?

सायकल दगडासारखी खाली सुटली. माणसं बाजूला पळाली. समोरून गाढव गाठोडी घेऊन येत होतं, ते रस्त्यात आडवं उभं राहिलं. शिंपीण धाडकन गाठोड्यांवर आदळली. जीव वाचला, उजवं मनगट मोडलं.

"माझ्या बरगड्यांचीपण कुणीतरी चौकशी करा," गाढव म्हणालं.

लोकांनी सायकल उभी केली. रबर पार गेलेलं, नट शेवटपर्यंत आवळलेला. असा नट आपोआप आवळत नाही. गावात या सायकलला पाना एकाच माणसाचा लागायचा. सगळे उस्तादाकडं बघायला लागले.

उस्ताद आधी गडबडला. मग छाती काढून म्हणाला, "हो, मीच आवळला. त्याशिवाय हिच्या पायात एवढी ताकद आली असती का? मी घडवलं हिला."

आणि लोकांनी काय करावं? माना डोलावल्या. "गुरू असावा तर असा," एक म्हातारा म्हणाला. बाईचं मनगट लोंबतंय, आणि हे गुरूचं कौतुक करतायत.

शिंपीण जमिनीवर बसली होती. तिनं एकच विचारलं, "मग स्वतःच्या सायकलचा ब्रेक का नाही आवळलास?"

उस्तादानं आपली सायकल उचलली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शिंपीण एका हातानं शिवायला बसली. वाड्यांचे कपडे खोळंबले होते. पण पडल्यानं कंबरही धरली होती, पाय मारता येईनात. उस्ताद दारात आला आणि मशीनसमोर बसून पाय मारायला लागला. ती बाजूनं डाव्या हातानं कापड सरकवत होती. संध्याकाळपर्यंत त्यानं पाय मारले, आणि पोचला कुठंच नाही.

शेवटी तो पुटपुटला, "अक्का, मला तुला घडवायचं नव्हतं."

"मला माहितीय," ती म्हणाली. "मला नको सांगू. तिकडं लिंबाखाली सांग."

उस्ताद उठला. लिंबाखाली माणसं बसली होती, तो म्हातारापण होता. उस्ताद खाली मान घालून म्हणाला, "ती वर पोचू नये म्हणून मी ब्रेक आवळला. मी जळत होतो. ती चढली ती तिच्या पायांनी, आणि पडली ती माझ्यामुळं."

तात्पर्य: दुसऱ्याचं चाक आवळून ठेवणाऱ्यानं त्याच्या पायातल्या ताकदीवर आपलं नाव लावू नये.