दोन नावा, एक मांडव

फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते तेव्हा, एका गावाला पैलतीरी न्यायला एकच नाव होती. नावाडी म्हणायचा, "भरल्याशिवाय नाव सुटायची नाही." तोवर तो झाडाखाली आडवा. नाव गळकी, पण आतलं पाणी उपसायचं ते बसणाऱ्यांनी. गावाला त्याचीही सवय झाली होती.

गावात एक माळीण होती. पहाटे मोगरा तोडून ती घाटावर येई आणि बसून राही. पैलतीरीच्या बाजारात पोहोचेपर्यंत फुलं माना टाकत. तिची चूल त्या फुलांवरच पेटायची, म्हणजे बरेचदा पेटायची नाही.

शेवटी ती राजाकडे गेली. राजाने नावाड्याला दटावलं. चार दिवस तो हलला, मग पुन्हा झाडाखाली. तेव्हा राजाने घाटावर दुसऱ्या एका नावाड्याला परवाना दिला.

मग मात्र पहिल्याने नावेची भोकं बुजवली. दोघं हाका मारून माणसं बसवू लागले. माळणीचा मोगरा ताजा पोहोचू लागला.

एक दिवस पहिला दुसऱ्याला म्हणाला, "कशाला मरमर करायची? तुझी पोरगी, माझा पोरगा. सोयरे होऊ."

घाटावरच मांडव पडला. गाव पोटभर जेवलं. हार तर माळणीनेच हौसेने गुंफले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नावा एकाच खुंटाला आणि दोन्ही व्याही एकाच झाडाखाली.

"आधी व्याह्यांची भरू दे," पहिला म्हणाला.

"छे, त्यांच्या आधी मी कसा सुटू?" दुसरा म्हणाला.

माळीण पाय ओढत पुन्हा राजाकडे गेली. राजा वैतागून म्हणाला, "आता तिसरी नाव देऊ?"

"नको महाराज. घाटच मोकळा करा. ज्याला वल्हवता येतं त्याने यावं. हे किती जणांशी सोयरिक करतील?"

राजाला पटलं. पण दरबाराची नावही भरल्याशिवाय सुटत नाही. हुकूम निघेपर्यंत माळणीचे केस पिकले.

मग एका पहाटे ती घाटावर आली आणि सवयीने टोपली ठेवून खाली बसली. एक अनोळखी नावाडी म्हणाला, "आजी, चला, निघतोय."

"अजून कोणीच नाही आलं, बाबा."

"तुम्ही आलात ना. थांबलो तर मागचा नेईल तुम्हाला."

पैलतीर आलं तेव्हा टोपलीतल्या कळ्या अजून उमलायच्या होत्या. तिला आनंद झाला, पण त्याहून जास्त थकवा जाणवला. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

तात्पर्य: घाट सगळ्यांना मोकळा असला की नाव वेळेवर सुटते, आणि ज्या लग्नाने आपलीच वाट अडणार, त्याचे हार गुंफण्याआधी जरा विचार करावा.