किल्लेदाराचा हळद्या

खूप वर्षांपूर्वी, जेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसं होडीतून पैलतीरी जायची, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात हैबतराव नावाचे किल्लेदार होते. त्यांचा आवाज असा दणदणीत, की त्यांनी बुरुजावरून हुकूम सोडला की खालच्या माचीवरचे पहारेकरी ताठ उभे राहत. वय झालं तशी त्यांनी किल्ल्याची जबाबदारी उतरवली आणि पत्नी सगुणाबाईंसह ते नदीकाठच्या आपल्या गावी राहायला आले.

निघताना बंदरावरच्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने त्यांना एक पिल्लू भेट दिलं. पिवळसर अंग, लोंबते कान, जाड शेपूट, आणि चेहरा असा, की कालपासून आपल्याला कुणी जेवायलाच घातलेलं नाही. आज आपण ज्याला लॅब्रॅडोर म्हणतो, त्याच जातीचं ते होतं. सगुणाबाईंनी त्याचं नाव हळद्या ठेवलं.

पाहता पाहता हळद्या वाढला. अंगाने वासरासारखा झाला, अक्कल मात्र पिल्लाचीच राहिली. दारात आलेल्या माणसाच्या छातीवर तो पुढचे दोन्ही पाय टेकवायचा. वाळत घातलेलं धोतर तोंडात धरून गावभर मिरवायचा. खाण्याच्या बाबतीत तर त्याला लाज म्हणून नव्हती.

हैबतरावांनी ठरवलं, याला शिस्त लावायची. शेकडो शिपायांना वळण लावणाऱ्याला एका कुत्र्याची काय मातब्बरी?

सकाळी अंगणात उभे राहून ते गरजले, "बस." हळद्याने शेपूट हलवली. ते म्हणाले, "खाली बैस." मग म्हणाले, "बसतोस की नाही?" मग आणखी बरंच काही म्हणाले. प्रत्येक वेळी शब्द वेगळा आणि आवाज आधीपेक्षा मोठा. हळद्याला एवढंच कळलं की आज मालकांचं काहीतरी बिनसलं आहे. तो तुळशीमागे जाऊन बसला.

एकदा गावात जेवणावळ होती. पंगत बसायच्या आत हळद्या पुरणपोळ्यांच्या परातीत शिरला आणि वरची चळत फस्त करून पळाला. हैबतरावांची मान खाली गेली. त्यांनी हाक मारली, "हळद्या, इकडे ये." हळद्या बिचारा खुशीत धावत आला. जवळ येताच त्यांनी हातातल्या काठीने त्याला दोन फटके दिले.

त्या दिवसानंतर हळद्या त्यांच्या हाकेला येईनासा झाला. त्यांनी नाव घेतलं की तो उलट्या दिशेने सुटायचा. पुढे हळद्या आणि मागे काठी घेतलेले किल्लेदार, ही वरात गावाच्या सवयीची झाली. तोंडावर कुणी हसत नसे, पण पाठ फिरली की पारावर हसू फुटायचं, आणि ते हैबतरावांच्या कानावर यायचंच.

शेवटी एका संध्याकाळी ते थकून ओट्यावर बसले आणि म्हणाले, हे जनावर बिनडोक आहे, उद्याच त्याला बंदरावर परत पाठवतो. सगुणाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी मान वर न करता "हळद्या, ये रे," एवढंच म्हटलं. हळद्या कुठूनसा धावत आला आणि त्यांच्यापाशी येऊन बसला.

हैबतराव चकित झाले. त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे बरा येतो हा?"

"तुम्ही त्याला कशासाठी बोलावता?" सगुणाबाईंनी विचारलं.

"शिस्त लावायला."

"म्हणजे मारायला. मी बोलावते ती कधी तुकडा द्यायला, कधी पाठीवरून हात फिरवायला. तुम्ही त्याच्या जागी असता तर कुणाकडे गेला असता?"

त्या प्रश्नाने हैबतरावांना बराच वेळ स्वस्थ बसू दिलं नाही. आपण हाक मारली म्हणून तो आला होता, आणि येण्याचीच शिक्षा आपण त्याला दिली, हे त्यांना पहिल्यांदाच उमगलं. त्यांना स्वतःची शरम वाटली. शरमेच्या मागून मात्र जुनी जिद्दही जागी झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी घरातच ठेवली आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे मुठीत घेतले. हळद्या दूर उभा राहून त्यांच्याकडे संशयाने बघत होता. हैबतरावांनी हाक मारली नाही. गुडघे कुरकुरत होते तरी ते जमिनीवर बसले आणि दोन्ही हात पसरून वाट बघू लागले. त्या दिवशी हळद्या आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी अर्ध्यापर्यंत आला आणि परत फिरला. मग एका सकाळी तो हळूहळू जवळ आला आणि त्यांच्या तळहातावरचा तुकडा त्याने उचलला. त्याचं ओलं नाक हाताला लागलं तेव्हा हैबतरावांना गड जिंकल्यासारखं वाटलं.

तिथून पुढे काम मार्गी लागलं. खोबरं नाकासमोर धरून हात वर नेला की हळद्याची मान वर व्हायची आणि बूड आपोआप खाली टेकायचं. नेमक्या त्या क्षणी ते म्हणायचे, "बस," आणि तुकडा द्यायचे. शब्द एकच, सूरही एकच. हळद्या कंटाळायच्या आत शिकवणी बंद. "थांब" शिकवायला फार वेळ गेला, कारण थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आधी स्वतः एक पाऊल मागे सरून परत यायचं, मग दोन, असं करत करत एके दिवशी भाकरीचं ताट समोर ठेवून हैबतराव आत पाणी पिऊन आले आणि हळद्या लाळ गाळत, पण जागेवरच बसलेला दिसला. त्या दिवशी त्याला अख्खी भाकरी मिळाली.

पाण्याचं तर त्याला वेडच होतं. तळ्यात लाकूड टाकून "आण" म्हटलं की तो बाणासारखा पोहत जाई. पण आणलेलं लाकूड सोडायचा नाही. हैबतराव जितकं ओढत, तितकं त्याला ते खेळणं वाटे. मग त्यांनी ओढणं सोडलं. लाकूड नुसतं धरून ठेवायचं, दुसऱ्या हाताने खोबरं दाखवायचं, त्याचं तोंड उघडलं की शांतपणे "सोड" म्हणायचं. हळूहळू खोबरं नसतानाही तो सोडू लागला. "ये" ही हाक मात्र हैबतरावांनी जिवापाड जपली. रागावलेले असताना त्यांनी ती कधीही वापरली नाही.

श्रावण उलटला. एके दिवशी सगुणाबाई गावातल्या बायकांबरोबर पैलतीरीच्या बाजाराला गेल्या. दुपारनंतर होडी परत निघाली आणि अर्ध्यावर असतानाच वरच्या अंगाचा लोंढा आला. नावाड्याचं वल्हं मोडलं. होडी गरगरत जाऊन पात्रातल्या दोन खडकांच्या मध्ये अडकली. पाणी चढत होतं. ती खडकांतून सुटली असती तर थेट खालच्या धबधब्यावर गेली असती.

सगळा गाव काठावर गोळा झाला. नावाड्याने होडीला बांधलेल्या जाड दोराच्या टोकाला एक बारीक दोरी बांधली, दोरीला लाकडाचा तुकडा अडकवला आणि तो काठाकडे भिरकावला. तो अर्ध्या वाटेतच पडला. त्याने पुन्हा पुन्हा फेकून पाहिला, पण दरवेळी प्रवाह तो खाली ओढून नेई. पट्टीच्या पोहणाऱ्यांनीही मान हलवली.

हैबतरावांनी हळद्याला बरोबर घेतलं आणि ते काठाने वरच्या बाजूला धावले, म्हणजे पाणीच त्याला होडीकडे घेऊन जाईल. आपण त्याला मरणाच्या दारात पाठवतो आहोत हे त्यांना कळत होतं. त्यांनी क्षणभर त्याच्या मानेवर हात ठेवला, होडीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "आण."

हळद्याने उडी घेतली. लाटांत त्याचं डोकं दिसे, नाहीसं होई, पुन्हा दिसे. तो होडीपाशी पोचला. सगुणाबाईंनी लाकूड त्याच्या तोंडाशी धरलं. त्याने ते पकडलं, पण माघारी फिरेना. समोर त्याची लाडकी माणसं होती आणि त्याला होडीत चढायचं होतं.

हैबतराव आता होडीच्या खालच्या अंगाला, उतरत्या काठावर येऊन पोचले होते. भीतीने बुरुजावरचा तो जुना गडगडाट त्यांच्या गळ्यापर्यंत आला होता. तो त्यांनी गिळला. साऱ्या गावासमोर ते चिखलात गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात पसरले, आणि अंगणात मारायचे तशी उंच, हसरी हाक मारली, "हळद्या, ये रे."

हळद्याने मान वळवली. त्याला हात पसरलेले मालक दिसले. तो निघाला.

प्रवाह त्याला खाली रेटत होता, दोरी मागे खेचत होती, पण त्याने नजर हलवली नाही आणि लाकूड सोडलं नाही. तो काठाला लागला तशी माणसं दोरीवर झेप घ्यायला धावली. हैबतरावांनी हाताने त्यांना थोपवलं. ओढाताण झाली असती तर हळद्याने खेळ मांडला असता. त्यांनी लाकूड हलकेच धरलं आणि म्हणाले, "सोड."

त्याने सोडलं.

बारीक दोरीमागून जाड दोर आला, तो जांभळीच्या बुंध्याला गुंडाळला गेला, आणि सारा गाव एका दमात ओढू लागला. होडी खडकांतून निघाली आणि हेलकावे खात काठाला लागली. एकेक बाई उतरली, शेवटी सगुणाबाई आणि नावाडी. कुणालाही साधं खरचटलंही नव्हतं.

मग गावाने जे केलं ते त्या नदीने कधी पाहिलं नव्हतं. हलगी वाजली. बायकांनी हळद्याला ओवाळलं, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ती त्याने तिथल्या तिथे खाऊन टाकली. तरण्या पोरांनी त्याला आणि किल्लेदारांना खांद्यांवर घेऊन वेशीपर्यंत मिरवलं. पारावर हसणारे लोक सर्वांत पुढे नाचत होते. हैबतरावांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

पुढे लांबलांबच्या गावांतून लोक आपापली कुत्री घेऊन त्यांच्याकडे शिकवून घ्यायला येऊ लागले. हैबतराव कुत्र्याला अंगणात मोकळं सोडायचे आणि आधी मालकाला जमिनीवर बसायला शिकवायचे. नदीच्या दोन्ही काठांवर मग अशी कुत्री तयार झाली, की पुराच्या दिवसांतही माणसं निर्धास्त होडीत बसू लागली.

तात्पर्य : धाकाने कुणालाही पळवून लावता येतं, पण संकटात आपल्या एका हाकेसरशी फक्त तोच धावून येतो, ज्याचा विश्वास आपण कमावलेला असतो.